केवड्याची पट्टी

“काका, डावा हात जरा वर. अजून वर. आता उजव्या हातानं नळी सरळ करा. ती नव्हे हो, पांढरी.”

“पांढऱ्या दोन आहेत, सिस्टर.”

“अगोबाई, खरंच की. बारीक आहे ती.”

“नक्की?”

“नक्की. एक दिवस तुम्ही मला वेड लावणार.”

सिस्टर सुहासिनी भिंगारदिवे माझ्यापासून दोनशे पावलांवर, तीन दारांपलीकडे, एका पडद्यासमोर बसलेल्या असत. माझ्या कपाळावर कॅमेरा बांधलेला होता आणि कानात शेंगदाण्याएवढं यंत्र होतं. मी जे पाही ते त्यांना दिसे, आणि त्या जे सांगत ते माझे हात करत. सरकारी कागदावर माझं पद ‘अबाधित सेवक’ असं होतं. बोलताना सगळे नुसतं ‘हात’ म्हणत. मी हात क्रमांक चार, भास्कर निटूरकर, वय सहासष्ट.

माझी एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. रक्त पाहिलं की मला घेरी येई. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडे. अशा माणसाच्या हातात सुई द्यावी लागली, यावरून ते दिवस कसे होते ते कळेल.

साथ सुरू झाली तेव्हा परिचारिका आणि डॉक्टर पोशाख घालूनच आत जात. पण तो पोशाख उतरवताना कधी ना कधी हात चुके. पहिल्या चार महिन्यांत आमच्या जिल्ह्यातल्या एक तृतीयांश परिचारिका आजारी पडल्या, कितीतरी गेल्या. उरलेल्यांना गमावणं शक्य नव्हतं. मग एका प्रयोगशाळेत तो शोध लागला, आणि रुग्णालयं चालवायची पद्धतच बदलली.

तो शोध मला समजला तसा सांगतो. चुकत असेन तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. आपल्या नाकात वास ओळखणारी शेकडो प्रकारची ग्राहकं असतात. एकेक ग्राहक म्हणजे एकेक कुलूप, ठरावीक रेणूची किल्लीच त्यात बसते. या विषाणूला पेशीत शिरायला जे कुलूप लागे, ते नेमकं केवड्याचा वास ओळखणारं ग्राहक होतं. तेच कुलूप फुफ्फुसांतल्या पेशींवरही असतं, म्हणून आजार तिथवर उतरे. पण दर दोन हजारांत एखादा माणूस असा निघतो, की आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्याच्याकडे ते कुलूपच नसतं. त्याला जन्मभर केवड्याचा वास येत नाही आणि हा आजार होत नाही.

अशा माणसांना शोधून आत पाठवायचं आणि परिचारिकांनी बाहेर बसून त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, अशी ती योजना होती.

तिचा एक परिणाम शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला नसावा. लोकांनी खोटं बोलायला सुरुवात केली. जो तो केवड्याचं अत्तर फासून हिंडू लागला. ओळखीचा माणूस भेटला की “वा, काय वास आहे!” असं चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणू लागला. छापखान्यात तपासणीचं पथक आलं तेव्हा मीही तसंच म्हणायचं ठरवलं होतं. पण त्यांनी समोर तीन पट्ट्या धरल्या. केवडा त्यांतल्या एकीलाच होता.

“कुठल्या पट्टीला वास आहे?”

“पहिल्या... म्हणजे, दुसऱ्या असेल.”

“काका, नीट सांगा.”

“तुम्हीच सांगा,” मी म्हणालो. छापखाना हसला. मी त्याच दिवशी आत आलो.

हे आमचं ‘आत’ म्हणजे बंद पडलेल्या एका साखर कारखान्याचं गोदाम. त्याला खिडक्या नव्हत्या. छताशी वारा खेचणारे पंखे होते, त्यांच्या पात्यांमधून आभाळाचे तुकडे दिसत. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. आम्हाला आजार होत नसला तरी विषाणू आमच्या केसांवर, कपड्यांवर बसलेला असे, म्हणून नऊ दिवस वेगळं ठेवल्याखेरीज बाहेर सोडता येत नव्हतं. नऊ दिवस एक हात रिकामा ठेवणं तर कुणालाच जमणारं नव्हतं. साठ दिवसांची माझी मुदत तीनदा वाढली होती. चव्वेचाळीस खाटांमागे आम्ही चारजण होतो. दिवसा मी आणि तांबोळी मेस्त्री, रात्री दुसरे दोघं. कोपऱ्यात पडद्यामागे आमच्या झोपायच्या खाटा होत्या. माझ्या उशाजवळ एक स्टूल होतं. त्यावर अलीकडेच मिळालेलं एक गोल पत्र्याचं झाकण होतं आणि त्यात माझा चष्मा आणि पेन्सिलीचा तुकडा. आमच्या झग्याला खिसा नव्हता. सात महिन्यांत माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू झाली होती.

आत येताना एक अर्ज भरून घेतला होता. हा दोष भावंडांत सापडण्याची शक्यता चारात एक, म्हणून हयात भावंडांची नावं द्यायची. सगळ्या लोकसंख्येची जनुकं तपासायची तर वर्ष गेलं असतं, तेव्हा नातेवाइकांपासून सुरुवात.

“आईवडील नात्यातले होते का?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“वडिलांनी मामाची मुलगी केली होती.”

“मग बरोबर. भावंडं?”

“एक बहीण. कुसुम.”

त्यानं यंत्रात शोधलं. “कुसुम निटूरकर. शाळा सोडल्याचा दाखला आहे. पुढं काहीच नाही. हयात आहेत?”

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि आडनावाबरोबर पहिलं नावही जातं. माझी कुसू त्या दिवशी अनुराधा पानगावकर झाली होती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी घसा साफ केला. मागं रांग होती, अधिकारी दमलेला होता. माझं बोलणं निघेना तेव्हा त्यानं ‘माहिती नाही’ या चौकटीत खूण केली आणि मी सही केली.

कुसूच्या बाबतीत चारात एक वगैरे काही नव्हतं. गौरीपुढं आई केवड्याचं कणीस ठेवी आणि आम्हा दोघांच्या नाकाशी धरून विचारी, “येतो का रे वास?” कुसू आधी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघे. ते हसले की ती हो म्हणे आणि मला कोपरानं ढोसे, मग मीही हो म्हणे. हे गुपित आम्ही म्हातारे होईपर्यंत जपलं होतं.

कुसूला मूल नव्हतं आणि नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात नव्वदीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसत. कुसू दोन दिवस दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी दोन दिवस तोंड मिटून घेतलं होतं. कुसूला आत आणलं तर त्या जगणार नाहीत, हे मला सही करतानाही कळत होतं.

दर रविवारी दहा मिनिटं फोन मिळे. तो सिस्टरच जोडून देत. कुसू माझी मावसबहीण, असं मी त्यांना सांगितलं होतं.

“दादा, जेवलास का?”

“जेवलो. सासूबाई?”

“पेज घेतली आज वाटीभर. तू बारीक झालास म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“कोण कशाला म्हणायला पाहिजे? आवाजावरून कळतंय की. बरं, आईच्या श्राद्धाची तिथी काय रे? पंचांगात बघते, पण मला नवमी का दशमी तेच आठवेना.”

असंच आमचं बोलणं चाले. अर्जाचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

मग पावसाळ्याच्या शेवटी सगळंच अडलं. रोग्याला जगवण्याचं मुख्य साधन म्हणजे त्याला दिवसातून दोनदा पालथं करणं. पालथं निजवलं की फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग मोकळा होतो, हवा शिरते. त्याला दोन माणसं लागतात. दोघांनी चादरीची टोकं धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं, नळी सांभाळत वळवायचं. एका सकाळी ओल्या फरशीवर तांबोळी मेस्त्री घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

“एसटीची इंजिनं उतरवली या हातानं,” प्लास्टर बघत ते म्हणाले, “आणि गेला कशानं, तर फिनेलनं. निटूरकर साहेब, आता तुम्हीच आमचे दोन हात.”

रात्रीचे दोघं चव्वेचाळीस खाटा करून सकाळी कोसळत, आणि बाहेरून दुसरा माणूस मिळेना. सिस्टर रोज वर कळवत होत्या, रोज नकार येत होता. आणि खाटा रिकाम्या होत नव्हत्या. रोगी बरा झाला हे ठरवायची पद्धत सोपी होती. विषाणू अंगात असेतो ते कुलूप अडलेलं राहतं. बाकीचे वास आधी परततात, केवडा सगळ्यांत शेवटी. म्हणून रोज सकाळी प्रत्येकाच्या नाकाशी केवड्याची पट्टी धरायची आणि विचारायचं. लागोपाठ दोन दिवस ‘येतो’ म्हणाला, की बाहेर. पण गेल्या अकरा दिवसांत एकही माणूस ‘येतो’ म्हणाला नव्हता.

बावीस नंबरवर सरूबाई नावाच्या भाजीवाल्या होत्या. त्या उठून बसत, शेजारणीची वेणी घालत.

“येतो का वास?”

“ह्याला कसला वास? कोरडं ठाक कागद. पर आज डाळीला लसूण जास्त झालाय, ते हितनं कळतंय मला. सोडा की मला, भाऊ.”

“केवडा यायला हवा, बाई. नियम आहे.”

मी ‘नाही’ लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, विषाणूचा नवा प्रकार आला असावा, दुसऱ्या केंद्रांतूनही तशी कुणकुण आहे. मला पटलं. तज्ज्ञांच्या बोलण्यावर मी कोण शंका घेणारा?

सतरा नंबरवर कुलथे पोस्टमास्तर होते. देहानं भारी, स्वभावानं गोड. ते पालथे होईनात. मी एकट्यानं चादर ओढून पाहिली. अर्धे वळले आणि अडकले. तांबोळी डाव्या हातानं ओढत होते.

“सोडा, काका,” कानात सिस्टर ओरडल्या. “नळी निघेल. सोडा म्हणते ना!”

मी सोडलं. दुपारी चारच्या सुमाराला पोस्टमास्तर गेले. त्यांचे डोळे मी मिटले. ते मला कुणी सांगावं लागलं नाही. कानात नाक ओढल्याचा आवाज आला.

“सिस्टर,” मी म्हणालो, “ती मावसबहीण नाही. माझी सख्खी बहीण आहे.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून. मावसबहीण कधी आईच्या श्राद्धाची तिथी विचारते का, काका? इतकी खुळी नाही मी.”

“मग तुम्ही...”

“मी ऐकलं नाही असं धरलं. आता तुम्ही तुमच्या तोंडानं सांगताय. सांगू नका, मी अजूनही ऐकलं नाही असं धरेन. किंवा सांगा, मी लिहिते. पण माझ्यावर ढकलू नका. आज माझ्यात तेवढं बळ नाही.”

समोर सतरा नंबर होता. अठरावर एक शाळामास्तरीण होती, तिलाही वळवायची वेळ टळून गेली होती. मी नाव, गाव, सगळं सांगितलं. सिस्टरनी दोनदा वाचून दाखवलं. मी विचारलं, “नक्की लिहिलंत?”

“नक्की,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरं दार उघडलं आणि कुसू आत आली. डोक्यावर टोपी, कपाळावर कॅमेरा, छातीवर नऊ आकडा. दोन वर्षांनी पाहत होतो तिला. मी पुढं झालो. ती माझ्याशेजारून गेली आणि हवेत बघत म्हणाली, “सिस्टर, नऊ नंबरनं कुठं झोपायचं?”

सासूबाईंना शाळेत उघडलेल्या निवाऱ्यात ठेवलं होतं. हे मला सिस्टरकडून कळलं. कुसू माझ्याशी बोलत नव्हती. कामात कसूर नव्हती. चादर धरी, मोजी, वळवी. पण जे काही विचारायचं ते सिस्टरला विचारी, आणि सिस्टर बिचाऱ्या माझ्या कानात सांगत, “काका, नऊ विचारतायत, तुमची रक्तदाबाची गोळी झाली का?”

“झाली म्हणावं.”

“नऊ, झाली म्हणतायत.” मग थोडं थांबून, “अहो, सहा फुटांवर उभे आहात दोघं. काय माझा छळ मांडलाय!”

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पट्ट्यांचं काम तिला दिलं. उपकरणं निर्जंतुक करायच्या वाफेच्या पेटीशेजारी फळीवर पट्ट्यांचा डबा होता, पाचशे पट्ट्यांचा. त्यावर मीच स्वच्छ फडकं टाकून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. कुसूनं फडकं उचललं, डब्याचा काठ बोटानं चाचपला. मग तिनं सरूबाईंना विचारलं, “बाई, खरं सांगा. याला वास येईना, का तुम्हाला येईना?”

“मला सगळं येतंय, बाय. तुझ्या केसाला खोबरेल हाय.”

विसाव्याची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघांनी नियमाप्रमाणे कॅमेरे काढून खुंटीला लावले. मी खाटेवर बसलो होतो. ती पडद्याच्या आत आली, माझ्या उशाजवळच्या स्टुलाकडे पाहत राहिली. मग तिनं झाकणातला चष्मा उचलला, पेन्सिल उचलली, दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं आणि झाकण घेऊन गेली. थोड्या वेळानं डब्यावर ते बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला.

मग मला आत येताना मिळालेल्या सूचनांच्या पुस्तिकेतलं चौदावं पान आठवलं. ‘डब्याचं झाकण घट्ट लावावं, उष्णतेजवळ ठेवू नये.’ ती पुस्तिका मी पाच वेळा वाचली होती. जन्मभर प्रत्येक अक्षरावर शंका घेत आलो, पण त्या पट्टीवर घेतली नाही. घेणार तरी कशी? माझ्या लेखी त्या डब्यातून उडून जाण्यासारखं काही नव्हतंच. आत असलेल्या एकाही हाताला ते कळलं नसतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांचं आम्ही ‘नाही’ असं लिहून घेत होतो. कुसूला तेवढं ठाऊक होतं, की ज्याला वास येत नाही त्यानं आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं.

कुसूनं सिस्टरला सांगितलं आणि नवा डबा आला. पहिल्याच सकाळी सरूबाईंनी पट्टी नाकाशी धरली आणि त्यांचं तोंड असं फुललं, की मला गौरीपुढं बसलेली माणसं आठवली. “ह्यो बघ की केवडा!” त्या म्हणाल्या. त्या दिवशी एकोणीसजण ‘येतो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले. एकोणीस माणसं एकामागून एक तीन दारांतून बाहेर गेली. उरलेल्या पंचवीस खाटांना तांबोळींचा डावा हात आणि मी कसेबसे पुरलो असतो. म्हणजे कुसूची गरज नव्हती.

“झाकण कधीपासून उघडं होतं?” सिस्टरनी आम्हा सगळ्यांना एकदमच विचारलं.

“मी आले तेव्हा खाली पडलेलं दिसलं,” कुसू म्हणाली. “कुणाचा धक्का लागला असंल.”

मी गप्प राहिलो. त्या अर्जाच्या वेळी राहिलो होतो तसाच. दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी एकोणिसाव्या खाटेवर सलाइन लावताना म्हणालो, “सिस्टर, झाकण माझ्याकडे होतं. मी त्यात चष्मा ठेवत होतो. दोन आठवडे त्यामुळे गेले. पोस्टमास्तरही त्यामुळेच गेले असतील. मला शिक्षा करा, पण कुसूला सोडा.”

“शिक्षा म्हणून तुम्हाला कुठं ठेवू, काका?” त्या म्हणाल्या. “आतच आहात की. आणि यादीत लागलेलं नाव मला पुसता येत नाही. चार दिवसांत या खाटा पुन्हा भरतील. सुई जरा तिरकी धरा.”

मी सुई तिरकी धरली. खाटा तीनच दिवसांत भरल्या.

निवाऱ्यातून रोज निरोप येई. म्हाताऱ्या आजींनी आज दोन चमचे घेतले. आज एक. आज ‘अनुराधा कुठाय’ म्हणून विचारलं. आज घेतलं नाही. निरोप सिस्टर दोघांच्या कानात एकदम सोडत. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कुसू ऐके आणि पुढच्या खाटेकडे वळे.

कुसू आत आल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी शेवटचा निरोप आला. कुसूच्या हातात तेव्हा पट्टी होती. तिनं ती समोरच्या रोग्याच्या नाकाशी धरली, उत्तर लिहिलं, पुढं गेली. चव्वेचाळीस खाटा तिनं पुऱ्या केल्या. डब्याला झाकण लावलं, तळव्यानं दाबून पाहिलं. सतरा नंबरवर आता एक ट्रॅक्टरवाला होता, त्याला वळवायची वेळ झाली होती. ती चादरीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आत आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आता मला बाहेर जायची घाई नाही, दादा,” ती म्हणाली. “धर टोक.”

मी धरलं.

“घट्ट धर. एक, दोन...”